इंझोरीच्या शेतावरची लाल झेंडी

प्रवासाहून परतलेला माणूस काय पाहिले ते आधी सांगतो. मला मात्र कशासाठी गेलो ते आधी सांगणे भाग आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी, वाशीम जिल्ह्यातील इंझोरी या गावी, भेंडीच्या एका शेताच्या बांधावर रोवलेली लाल झेंडी मी स्वतःच्या हाताने उपटली; आणि हे आजवर कोणालाही सांगितले नाही.

मी नाशिककडचा. त्या काळी ताजी भाजी विमानाने परदेशी पाठवणाऱ्या एका कंपनीत खरेदीचे काम पाहत असे. इंझोरीच्या काही शेतकऱ्यांचा गट करून त्यांच्याकडून आम्ही भेंडी घेत होतो. झेंडीचा नियम माझाच. शेतात औषध फवारले की शेतकऱ्याने बांधावर काठीला लाल कापड बांधून लावायचे. औषधाचा अंश उतरण्याचे दिवस भरले की त्यानेच ते काढायचे. झेंडी दिसेल त्या शेतात तोडणीच्या बायांनी पाय ठेवायचा नाही. बाटलीवरची बारीक अक्षरे वाचत बसण्यापेक्षा हे सोपे होते. गावाने तो नियम माझ्या अपेक्षेपेक्षा अधिक मनावर घेतला. ज्याची झेंडी त्यानेच काढायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही, हे इतके ठरून गेले की वाऱ्याने पडलेली झेंडीसुद्धा लोक मालकाला हाक मारून उचलायला लावत.

एके दिवशी माल कमी पडला. विमानातली जागा आधी घेतलेली असते. ती भरली नाही तरी तिचे भाडे द्यावे लागते, आणि या धंद्यात भाड्याएवढा मोठा दुसरा खर्च नाही. सकाळची तोडणी आटोपली होती, गाडी अर्धवट भरली होती, आणि समोर वामनभाऊंचे शेत भेंडीने लगडलेले होते. त्यावर झेंडी होती. दिवस भरायला थोडेच उरले होते. वामनभाऊ परगावी गेलेले, आसपास कोणी नव्हते. मी झेंडी उपटली, काठी ओढ्यात टाकली, कापड खिशात घातले आणि बायांना बोलावून ते शेत तोडायला सांगितले. लाल कापड होते, एका बाजूला पिवळा काठ. परतीच्या वाटेवर त्याच कापडाने मी गाडीची काच पुसली.

परदेशातल्या तपासणीत औषधाचा अंश सापडला आणि तो सगळा माल नष्ट करण्यात आला. कंपनीने इंझोरीची भेंडी घेणे थांबवले. गावात बैठक झाली. तोडणीच्या बाया म्हणाल्या, झेंडी नव्हती. वामनभाऊ म्हणाले, मी लावली होती. दुसऱ्याची झेंडी कोणी काढत नाही, हे गावाला पक्के ठाऊक होते. तेव्हा नव्हती म्हणजे लावलीच नव्हती, असा निकाल लागला. वामनभाऊ गटातले एकटे बौद्ध, जमीनही सर्वांत थोडी. त्यांच्यावर शंका घेणे सर्वांना सोपे गेले. का सोपे गेले हे मला त्या वेळीही कळत होते, आणि मी त्या सोपेपणाच्या आड बसून राहिलो.

यंदा फाल्गुनात त्या गटाचे प्रमुख दिगांबरभाऊ यांचा फोन आला. नव्या एका कंपनीचे लोक गावात येऊन गेले होते. भेंडी बाहेर पाठवणे खरोखर परवडते का, ते एकदा तुम्ही येऊन सांगा, असे त्यांचे म्हणणे. मी नोकरी सोडून आता काही वर्षे झाली आहेत. येतो म्हणालो. परवडण्याच्या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ होते. दुसरा प्रश्न त्यांनी विचारलेला नव्हता.

रिसोड

मेहकरच्या पुढे एसटीच्या खिडकीतून काळी राने दिसू लागतात. हरभरा निघून गेलेला, गव्हाची कापणी चाललेली, तुराट्या बांधाला रचून ठेवलेल्या. आमच्याकडे या दिवसांत द्राक्षबागांमुळे दृष्टीला सतत काहीतरी हिरवे अडत राहते. इथे नजर थेट क्षितिजाला जाऊन टेकते, आणि लपायला जागा उरत नाही.

रिसोड हे तालुक्याचे गाव. धान्याची बाजारपेठ मोठी, सोयाबीनची विशेष. बाजार समितीच्या शेडमध्ये सोयाबीनचे ढीग ओतलेले होते आणि एक शेतकरी आपल्या ढिगाशेजारी पोत्यावर निवांत झोपला होता. मी चहाच्या टपरीवर बसलो तेव्हा तोही उठून आला. भाव पटला नाही तर काय करणार, असे मी विचारले.

"वापस नेतो," तो म्हणाला. "घरात पडून राह्यते. काय खाऊन राह्यलं ते आपलं?"

"आणि भेंडी लावली असती तर?"

"माळव्यात कायचा पैसा, भाऊ? माळवं म्हणजे बायकाइचा धंदा. सकाळी तोडा, दुपारी इका, संध्याकाळी बैलापुढं टाका."

माझ्या साऱ्या नोकरीचे सार त्याने चहा संपायच्या आत सांगितले होते. सोयाबीन थांबते, भेंडी थांबत नाही. निर्यातीत जो काही नफा आहे तो न थांबणाऱ्या वस्तूला वेळेवर पोचवण्याचा आहे, आणि जो काही तोटा आहे तो घाईने केलेल्या कामाचा आहे. मी घाईनेच काम केले होते.

भाजीबाजारात एक म्हातारी भेंडीचा ढीग लावून बसली होती. येणारे गिऱ्हाईक एक भेंडी उचले, टोक मोडून पाही, आणि मोडलेली भेंडी पुन्हा ढिगात टाकी. मला ते पाहवेना. आमच्या पॅकहाऊसमध्ये टोक मोडलेली भेंडी दिसली की ती पेटी बाजूला निघत असे. मी म्हणालो, "आजी, लोक सगळी भेंडी मोडून ठेवतात की हो."

"मोडन नाई तं कवळी हाये का निबर, हे कसं समजन? डोळ्यानं?" म्हातारीने मला नीट न्याहाळले. "तुमी पाव किलो घेता का नुसता इचार करता?"

मी पाव किलो घेतली. ती पिशवीत घेऊन मी जिल्हाभर हिंडलो.

रात्रीच्या जेवणाला खानावळीत चून-भाकर होती. आपल्याकडचे पिठले तेच इथले चून; पण आमचे पिठले ताटात पसरते, हे चून ताठ बसते. वर ठेचा. वाढणारा माणूस म्हणाला, "ठेचा पाहून घ्या, तुमी तिकडले दिसता." तिकडचा म्हणून ओळखले गेल्याचा मला उगाच राग आला आणि मी बोटभर ठेचा भाकरीवर घेतला. त्यानंतर गुळाचा खडा आणि दोन तांबे पाणी लागले. वाढणारा शेजारच्या टेबलाला म्हणाला, "सांगितलं होतं बाप्पा मी," आणि दोन्ही टेबले हसली.

शिरपूर जैन

इंझोरी जिल्ह्याच्या पूर्वेला आहे आणि शिरपूर पश्चिमेला. शिरपूरला जाण्याचे मला काहीही कारण नव्हते. जुने मंदिर पाहायचे राहून गेले आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरे म्हणजे मला एक दिवस पुढे ढकलायचा होता.

मोठे गाव, शेतीवर चालणारे, आणि मंदिरामुळे बाहेरगावचे लोक सतत येते-जाते. मूर्ती जमिनीला टेकलेली नाही, असे सांगतात. आवारात फरशी तापलेली होती. चपला बाहेर काढून मी आत गेलो तो पायाची आग होऊन भिंतीच्या सावलीकडे जवळजवळ पळालो. तिथे जळगावकडचे एक वृद्ध यात्रेकरू बसले होते. कापडाचे दुकान मुलांवर सोपवून ते आता तीर्थे करतात. त्यांनी पंचा घडी करून माझ्या पायाखाली सरकवला आणि सरकून जागा दिली.

बोलता बोलता त्यांच्याकडच्या क्षमा मागण्याच्या रिवाजाची गोष्ट निघाली. वर्षातून एकदा आप्तेष्टांना, परिचितांना भेटून, वर्षभरात कळत-नकळत काही दुखावले असेल तर क्षमा करा, असे म्हणायचे. मी म्हणालो, हा रिवाज फार चांगला आहे.

"चांगला आहे," ते म्हणाले. "पूर्वी घरोघर जात होतो. आता मोबाइलवर एक संदेश तयार करतो आणि सगळ्यांना एकदम पाठवतो. तीन-चारशे लोक तरी असतील."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. सख्खा भाऊ सोडून." ते थोडे हसले. "त्याच्याशी बोलणं बंद आहे ना."

मग ते उठून दर्शनाला गेले. मी पंचावर पाय ठेवून तसाच बसलो. मीही असेच केले होते. त्या प्रकरणानंतर माझा स्वभाव मऊ झाला, असे घरचे म्हणतात. रिक्षावाल्याशी वाद घालत नाही, हाताखालच्या माणसांना कधी रागावलो नाही, कोणाला धक्का लागला तर आधी मीच क्षमा मागतो. साऱ्या जगाची क्षमा मागून झाली होती. एक माणूस सोडून.

दुपारच्या गाडीने मी निघालो.

इंझोरी

मंगरूळपीरला गाडी बदलून इंझोरीला उतरलो तेव्हा ऊन कलले होते. स्टँडवरच्या हॉटेलात चहा सांगितला आणि सहज विचारल्यासारखे करून विचारले, वामनभाऊ अजून शेती करतात का?

"कोणता वामन?" हॉटेलवाल्याने चहा गाळता गाळता विचारले. "गावात तीन हायेत. मास्तर वामन, लंगडा वामन, का बिनझेंडीचा वामन?"

मी बाकावरून उठून त्याच्याजवळ गेलो.

"बिनझेंडीचा म्हणजे कोण?" मी विचारले.

"आता त्याले तसंच म्हणते सारे. काहून म्हणते ते मले बी मालूम नाई, मी आता आता दुकान टाकलं. साखर कमी का बरोबर?"

त्या माणसाच्या आवाजात काडीचाही कुत्सितपणा नव्हता. दोषाचा उगम विसरला गेला होता आणि दोष नाव होऊन राहिला होता.

दिगांबरभाऊंनी घरी उतरवून घेतले. पासष्टीचा, धिप्पाड, मोठ्या आवाजाचा आणि मोठ्या मनाचा माणूस. मला पाहून त्यांनी वाड्याबाहेरच मिठी मारली. वांग्याची तर्रीदार भाजी आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर भाजलेले रोडगे असा बेत होता. कणकेचा हा गोळा बाहेरून कडक, आत मऊ. तो कुस्करून त्यावर तूप सोडायचे. आमच्याकडे पाहुण्याला "अजून घ्या" म्हणतात. इथे विचारत नाहीत, वाढून मोकळे होतात.

"साहेब, यंदा जोरात करू," दिगांबरभाऊ म्हणाले. "पोरं सोयाबीनले कंटाळले. पाणी हाये, बाया हायेत. फक्त दुबई परवडते का नाई, तेवढं तुमी सांगा."

भेंडी कुठेही गेली तरी गावाच्या बोलण्यात ती दुबईलाच जाते. नष्ट झालेला तो माल युरोपात गेला होता. इंझोरीत तोही दुबईतच बुडाला, असे सांगतात.

"गटात कोण कोण आहे?" मी विचारले.

"सारे जुनेच. वामनची सून लय मागं लागली, रंजना. पोरगी चांगली हाये, भेंडी बी चांगली काढते. पण नाव बसलं ना एकदा." त्यांनी तूप पुढे केले. "तिले घेतलं तं बाकीचे म्हणतीन, याहीच्या पायी पुन्हा बुडायचं का? मले कोणाशी वाकडं नाई साहेब. पण गट म्हणजे गट."

रोडगा माझ्या हातातच राहिला. त्यांनी आणखी एक वाढला.

शेतात

भेंडीची तोडणी पहाटेच्या गारव्यात होते. बायांनी नवऱ्यांचे जुने पूर्ण बाह्यांचे सदरे घातले होते आणि बोटे कापलेले पायमोजे हातांत चढवले होते. टोळीच्या पुढे गोदाबाई. त्या वेळी "झेंडी नव्हती" अशी साक्ष देणारी हीच. तिने मला लगेच ओळखले.

"आलं का दुबईवालं?" ती म्हणाली. "घ्या, करा सुरू. उभ्यानं पाहून भेंडी तुटत नाई."

मी बाह्या वर करून ओळीत शिरलो. खरेदीत इतकी वर्षे काढली, तरी भेंडी मी नेहमी पेटीतच हाताळली होती. झाडावरच्या भेंडीला आणि पानांना बारीक कुसे असतात, हे ठाऊक असणे निराळे आणि दोन्ही हात कोपरापर्यंत पेटणे निराळे. मी खाजवू लागलो तशी ओळ हसू लागली.

"साहेब लोकाइले भेंडी ताटातच मालूम," गोदाबाई म्हणाली. "खाजवू नका, वाढन. रंजने, खोबऱ्याचं तेल आन बरं."

पलीकडच्या शेतातून तेलाची बाटली घेऊन एक तिशीतली बाई आली. तेल देऊन ती परत गेली नाही. मी हात चोळेपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "मी वामनरावाची सून. आमचं वावर पाहता का साहेब?"

शेत तेच. ओढाही तोच, पाणी मात्र आटलेले. भेंडी सरळ, एकसारखी, बोटाएवढी. एकही लांबलेली नाही. रोज न चुकता तोडणाऱ्याचीच भेंडी अशी असते. ही सध्या मंगरूळच्या बाजारात जाते आणि दुपारनंतर मिळेल त्या भावाने संपवावी लागते.

"दिगांबरभाऊ तुमचं ऐकतीन," रंजना म्हणाली. "तुमी एक शब्द टाका. माह्या सासऱ्यानं झेंडी लावली होती का नाई, मले मालूम नाई. मी तवा या घरात नोती. चुकले असतीन. मी लावीन. कोणाले बी पाहू द्या, मी रोज दाखवीन. पण एका चुकीपायी किती वर्ष बाहेर ठेवतीन हे लोक?"

विहिरीजवळ वामनभाऊ पाइप गुंडाळत होते. वाळलेले, पाठीत थोडे वाकलेले. त्यांनी पाइप खाली ठेवून हात पुसले आणि "जयभीम साहेब" म्हणून पाणी दिले. मी जयभीम म्हणालो. माझ्याविषयी त्यांच्या मनात काही नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होते. तेच पाहणे कठीण होते.

"सून काय म्हणते ते मनावर घेऊ नका," ते म्हणाले. "तिले वाटते मी इसरलो. आता मले बी तसंच वाटते."

"म्हणजे?"

"आधी लय भांडलो मी. लावली होती म्हणून साऱ्याइशी भांडलो. माह्या बाईनं जुन्या लुगड्याचा काठाकडला तुकडा फाडून देल्ता, तो बांधल्याचं याद होतं. मंग लोक म्हणू लागले, लावली असती तं गेली कुठी? दुसऱ्याची झेंडी कोन काढते? मले बी उत्तर नोतं. इचार करू करू आता असं वाटते का ते याद आंधीच्या फवाऱ्याची असन. बाई असती तं तिनं सांगितलं असतं. ते बी गेली." ते पाइपाकडे वळले. "माणूस इसरते, साहेब. मी बी इसरलो असन."

मी त्यांना गटातून बाहेर केले, त्यांचे नाव बिघडवले, हे मला ठाऊक होते. त्यांची स्वतःची आठवणही मी त्यांच्याकडून काढून घेतली आहे, हे मला त्या विहिरीपाशी कळले. तिथेच सांगून टाकावे असे ओठांवर आले. पण दोष साऱ्या गावासमोर लागला होता. तो विहिरीजवळ, दोघांतच उतरवला असता तर माझे मन हलके झाले असते आणि रंजना गटाबाहेरच राहिली असती. निदान हे कारण खरे आहे. भीती वाटली, हेही खरे आहे.

बैठक

दुपार उतरल्यावर दिगांबरभाऊंच्या अंगणात सतरंज्या पडल्या. गटातले शेतकरी, आणि तोडणीच्या दराचे बोलायचे म्हणून गोदाबाई व तिच्या दोघी-तिघी.

परवडते का, याचे उत्तर मी सरळ दिले. बाहेरचा भाव ऐकून हुरळू नका. तोडलेली सगळी भेंडी बाहेर जात नाही. वाकडी, डागाची, लांबलेली मागे राहते. तिला मंगरूळ-कारंज्याच्या बाजारात गिऱ्हाईक असेल तर नफा टिकतो. बैलापुढे टाकलीत तर बाहेरचा सारा भाव तिच्यातच बुडतो. इथून विमानतळ दूर, गारव्याची गाडी महाग, ती भरून गेली तरच पुरते. म्हणून एकट्याने परवडत नाही, गटाने परवडते. आणि गटात एका शेताचा माल खराब निघाला की सगळ्यांचा जातो. या धंद्यात शेजाऱ्यावर भरवसा हे भांडवलच आहे.

"तवा बी तुमी परवडते म्हणले होते," मागून एक शेतकरी म्हणाला. "मंग बुडालो काहून?"

"ते आता नको," दिगांबरभाऊ म्हणाले. "काहून बुडालो ते साऱ्याइले मालूम हाये."

"नाही," मी म्हणालो. "मालूम नाही. दिगांबरभाऊ, वामनभाऊंना आणि रंजनाबाईंना बोलावून घ्या. ते आल्याशिवाय मला पुढे बोलता येणार नाही."

मग गोदाबाईच उठून गेली. ते आले तेव्हा वामनभाऊ सतरंजीच्या कडेला, जमिनीवर टेकले. मी त्यांच्यासमोर जाऊन बसलो आणि सांगितले. माल कमी पडला होता, विमानातली जागा रिकामी जाणार होती, तिचे भाडे माझ्या माथी येईल अशी मला धास्ती होती. म्हणून वामनभाऊंच्या शेतावरची झेंडी मी उपटली, काठी ओढ्यात टाकली आणि तुम्हा बायांना आत घातले. बैठकीत मी समोर होतो आणि बोललो नाही.

पहिली बोलली ती गोदाबाई. "म्हणजे मी बी खरीच होती," ती म्हणाली. "झेंडी नोतीच. आन् वामनदादा बी खरे होते. या माणसानं दोघाइले एकमेकाच्या अंगावर घातलं." मग माझ्याकडे वळून, "तुमच्या हाताले आज कुसं लागले, थोडेच लागले."

दिगांबरभाऊंचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता. "साहेब, मंग तुमचा सल्ला आमी कायले घ्यावा?"

"घेऊ नका," मी म्हणालो. "मी सांगितलेले दुसऱ्या कोणाकडून पडताळून घ्या. पण रंजनाबाईंना गटाबाहेर ठेवण्याचे जे कारण होते ते खोटे होते, एवढे मात्र माझ्याकडून घ्या."

कोणी माझ्याकडे पाहत नव्हते. सारे वामनभाऊंकडे पाहत होते, आणि पाहून नजर खाली घेत होते. ते मात्र संतापले नाहीत. ते काहीतरी आठवण्याचा प्रयत्न करत होते.

"साहेब," ते म्हणाले, "कायची होती ते झेंडी? कापड कसं होतं?"

"लाल. एका बाजूला पिवळा काठ."

त्यांनी सुनेकडे मान वळवली. "पाह्य," ते म्हणाले. "तुह्या सासूच्या लुगड्याचा. म्या लावली होती." पुन्हा, जरा मोठ्याने, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असे म्हणाले, "म्या लावली होती ना मंग!"

रंजनाने पदर तोंडाशी धरला. दिगांबरभाऊ उठले, कडेला आले, आणि वामनभाऊंचा दंड धरून त्यांना सतरंजीवर, आपल्या शेजारी बसवू लागले. वामनभाऊ लगेच सरकले नाहीत, मग सरकले. गोदाबाई म्हणाली, पहिली तोडणी रंजनाच्याच वावरातून, नाहीतर आमच्या बाया येत नाहीत, काय करायचे ते करा. आणि ते ठरले.

बैठक तोडणीच्या दराकडे वळली. माझे सांगून झाले होते. घडले ते सगळे मी सांगितले होते, क्रमाने, काही न वगळता, एखादा अहवाल द्यावा तसे. आणि ज्या एका गोष्टीसाठी इतका प्रवास केला ती अजून माझ्या तोंडून निघालीच नव्हती, हे माझ्या ध्यानात आले. मी पुन्हा वामनभाऊंच्या समोर जाऊन बसलो. लोक थांबले.

"वामनभाऊ," मी म्हणालो, "तुम्ही विसरला नव्हता. मी तुमची झेंडी काढली, तुम्हाला खोटे पडू दिले, आणि इतकी वर्षे गप्प बसलो. मी चुकलो. मला क्षमा करा."